नोंदवहीतला 93 चा आकडा

पहाटे फोन आला तेव्हा तक्रार शुद्धतेची नव्हती, दाबाची होती. रुग्णालयाच्या ऑक्सिजन वाहिनीतला दाब उतरला होता, सिलिंडरच्या दोन्ही रांगा रात्रीतून संपून राखीव रांग सुरू झाली होती आणि धोक्याची घंटा वाजत होती. रुग्णांच्या पुरवठ्यात खंड पडला नाही, पण तो राखीव रांगेमुळे. आम्ही बसवलेल्या, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या प्लांटमुळे नव्हे. मी पोहोचले तेव्हा प्लांट नेहमीच्या लयीत चालू होता: एक टॉवर दाबाखाली, दुसरा हवा सोडणारा, मग अदलाबदल. पॅनेलवर ऑक्सिजनच्या शुद्धतेचा आकडा होता 93 टक्के.

हवेत 78 टक्के नायट्रोजन आणि 21 टक्के ऑक्सिजन असतो. टॉवरमध्ये भरलेले झिओलाइट या सच्छिद्र पदार्थाचे मणी दाबाखाली नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे निघून जातो. दाब काढून घेतला की नायट्रोजन सुटतो आणि मणी पुन्हा कामाला तयार होतात. हवेतला थोडासा आर्गॉन वायू मात्र ऑक्सिजनच्या सोबतीनेच बाहेर पडतो, म्हणून शुद्धता 95-96 टक्क्यांच्या वर जात नाही. '100 का येत नाही?' हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारला जातो. 93 टक्के किती प्रवाहाला येत आहेत, हे मात्र आजवर एकाही व्यवस्थापकाने विचारलेले नाही.

त्या दिवशी तो प्रश्न मलाही लगेच सुचला नाही. माझ्या शुद्धतामापकाने पॅनेलचा आकडा बरोबर ठरवला. वाहिनीच्या सांध्यांना साबणाचे पाणी लावून पाहिले, गळती नव्हती. कॉम्प्रेसरचा दाब ठीक होता. टॉवरमधली हवा जिथून सुटते त्या सायलेन्सरखाली मण्यांची पांढरी भुकटीही सापडली नाही, म्हणजे मणी झिजलेले नव्हते. अडीच तास गेल्यावर माझी नजर ऑक्सिजन बाहेर पडण्याच्या व्हॉल्व्हकडे गेली. तो जेमतेम एक फेरी उघडा होता. मिनिटाला 500 लिटरच्या प्लांटचा प्रवाहमापक 210 दाखवत होता. मी व्हॉल्व्ह उघडून प्रवाह पूर्ण क्षमतेवर नेला आणि शुद्धता 93 वरून 88, मग 81, मग 74 अशी घसरत गेली.

यंत्र चालवणारे काका शेजारीच उभे होते. वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ मोठे आणि कामात अतिशय चोख असे ते गृहस्थ आहेत; चार महिन्यांत त्यांच्या नोंदवहीतली एकही ओळ रिकामी नव्हती. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं, शुद्धता खाली आली तर व्हॉल्व्ह थोडा आवळायचा." मी तसे सांगितले होते. प्रवाह कमी केला की मण्यांवर पडणाऱ्या नायट्रोजनचा भार कमी होतो आणि शुद्धता सावरते. त्या क्षणापुरती ती सूचना अगदी बरोबर आहे. काकांनी ती चार महिने, दर आठवड्याला थोडी थोडी, मनापासून पाळली होती. आमच्याच विभागाने छापून दिलेल्या नोंदवहीत शुद्धतेला रकाना होता, कॉम्प्रेसरच्या तासांना होता, तापमानाला होता; प्रवाहाला नव्हता.

दुपारी मी भांडारातली सिलिंडर भरण्याची नोंदवही मागवून दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. एकीत 93, 93, 93. दुसरीत त्याच आठवड्यांत भरून आणलेल्या सिलिंडरची संख्या सतत चढती. प्लांटची घट सिलिंडर भरून काढत होते. भांडारपालाला वाटले रुग्ण वाढले असावेत. या दोन वह्या एकाच इमारतीत, दोन मजल्यांच्या अंतरावर होत्या आणि त्या एकत्र वाचणे हे कोणाचेच काम नव्हते, याचा मला अजूनही संताप येतो.

मूळ दोष पाण्याचा निघाला. 30 अंश तापमानाच्या आणि 80 टक्के आर्द्रतेच्या हवेत प्रत्येक घनमीटरमागे सुमारे 24 ग्रॅम पाणी असते. एवढ्या प्लांटला तासाला साधारण 350 घनमीटर हवा लागते, म्हणजे अशा दिवसांत तासाला आठ लिटरच्या आसपास पाणी आत ओढले जाते. ते टॉवरपूर्वी काढून टाकणे हे विलगक (हवेतले पाण्याचे थेंब वेगळे करणारे भांडे), ड्रायर आणि त्यांखालच्या स्वयंचलित ड्रेन व्हॉल्व्हचे काम. विलगकाखालचा ड्रेन तेल आणि गंजाच्या चिखलाने पूर्ण तुंबला होता. पाणी ड्रायरवर लोटले, तिथून पुढे टॉवरमध्ये गेले. झिओलाइट नायट्रोजनपेक्षा पाण्याला कितीतरी घट्ट धरते आणि नुसता दाब काढल्याने ते सोडत नाही, म्हणून ओल्या मण्यांत नायट्रोजनला जागा उरत नाही; पाणी काढायचे तर मणी 300 अंशांच्या पुढे तापवावे लागतात, जे त्या टॉवरमध्ये शक्यच नसते. ड्रायरनंतर हवेतला ओलावा दाखवणारा दवबिंदूमापक असता तर पहिल्याच आठवड्यात कळले असते. खरेदीच्या वेळी तो 'अनावश्यक' म्हणून यादीतून वगळला गेला होता, आणि हे मी पहिल्यांदा पाहत नाही.

टॉवरचा दाब उतरवून मी वरच्या आणि तळाच्या तोंडातून मूठभर मणी काढले. तीन पेल्यांत पाणी घेतले आणि एकात बंद पाकिटातले कोरे मणी टाकले. ते सळसळले, बुडबुडे फुटले आणि पेला हाताला गरम लागू लागला. 1756 मध्ये क्रॉनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने एक दगड तापवताना त्यातून पाण्याची वाफ उसळलेली पाहिली आणि त्याला 'उकळणारा दगड' या अर्थाचे झिओलाइट हे नाव दिले. तापवल्यावर बाहेर पडणारे तेच पाणी परत आत घेताना कोरे मणी उष्णता देतात. वरच्या थरातले मणीही बऱ्यापैकी सळसळले. तळातले मणी मात्र खड्यांसारखे बुडाले आणि पेला थंडच राहिला. काका बराच वेळ त्या तिसऱ्या पेल्याकडे पाहत होते. मग त्यांनी विचारले, "मग शुद्धता खाली आली तर मी करायचं काय?"

दोन्ही टॉवरमधले मणी बदलावे लागले. व्हॉल्व्हच्या दांड्यावर आणि अंगावर आम्ही मिळून लाल रंगाची एक सलग रेघ ओढली, म्हणजे तो हलला तर रेघ तुटलेली दिसेल. काकांना मी सांगितले की व्हॉल्व्ह जरूर आवळा, पण त्याच वेळी प्रवाह लिहा आणि त्याच दिवशी मला फोन करा. हे उत्तर मला अजून अपुरे वाटते, कारण किती आवळणे हा रोजचा चढउतार आणि किती आवळणे हा आजार, याची रेघ मला आखून देता आलेली नाही.

शिवाय तीच सूचना, त्याच शब्दांत, मी इतर अनेक ठिकाणी दिलेली आहे. त्या आठवड्यात मी एकेका ठिकाणी फोन केला आणि शुद्धता न विचारता व्हॉल्व्ह किती फेऱ्या उघडा आहे एवढेच विचारले. बहुतेक ठिकाणी उत्तर ठीक मिळाले. एका ठिकाणी चालक म्हणाला, "पूर्वीपेक्षा थोडा कमी, पण मॅडम, शुद्धता अगदी 93 आहे." उद्या सकाळी मी तिकडे निघाले आहे.