मिराजचे वळण आणि एक झिप फाइल

लढाऊ विमानांच्या सिम्युलेटर खेळांसाठी मॉड, म्हणजे मूळ खेळात घालायची हौशी लोकांनी बनवलेली भर, तयार करणाऱ्या आमच्या छोट्या गटात माझ्या वाट्याला आलेले काम सगळ्यांत नीरस आहे. कोणी विमानाचा त्रिमितीय सांगाडा बनवतो, कोणी त्यावर चढवायची रंगसंगती म्हणजे स्किन रंगवतो, कोणी इंजिनाचे आवाज बसवतो. मी मात्र सगळ्यांच्या फाइली एकत्र करतो, त्या खेळात नीट चालतात की नाही ते पाहतो, कोणाचे काय घेतले आहे आणि कोणाच्या परवानगीने घेतले आहे याची नोंद रीडमी म्हणजे सोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये लिहितो आणि मगच मॉड लोकांसाठी मोकळा करतो. पोटापाण्यासाठी ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या वस्तीतील एका खासगी वर्गात मी संगणकीय आरेखन शिकवतो. त्या नोकरीत सॉफ्टवेअरच्या परवान्याची चौकट वाचायची जी सवय लागली, तिच्यामुळेच बहुधा गटाने हे काम माझ्या गळ्यात घातले असावे.

आमचा खेळ म्हणजे ‘स्ट्राइक फायटर्स २’. तो २००८ साली आला आणि आजच्या खेळांपुढे त्याची दृश्ये साधी वाटतात, पण हौशी माणसाला त्यात काम करणे सोपे जाते. विमानाचे वजन, पंखांचे क्षेत्रफळ, इंजिनाचा जोर, वेगानुसार बदलणारा हवेचा रोध हे सगळे साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेले असते आणि ती फाइल नोटपॅडमध्येही उघडते. मूळ खेळाला हात न लावता वेगळ्या फोल्डरमध्ये नवे विमान ठेवले की खेळ ते उचलतो. त्यामुळे चुकीचा आकडा पकडणेही सोपे आणि चुकीचा आकडा घुसवणेही सोपे.

आम्ही घडवत होतो तो भारतीय हवाई दलाचा मिराज २०००, १९९९ च्या उन्हाळ्यातील रूपात. हे विमान ग्वाल्हेरकरांना समजावून सांगावे लागत नाही. १९८५ साली ते ‘वज्र’ या नावाने दाखल झाले तेव्हापासून महाराजपूरचा तळ हेच त्याचे घर आहे, आणि गच्चीवर पापड वाळत घालणारी आमची आत्यासुद्धा नुसत्या आवाजावरून मिराज आणि प्रवासी विमान यांतला फरक सांगते. कारगिलच्या लढाईत २४ जून १९९९ रोजी टायगर हिलवर लेझरच्या साहाय्याने बाँब टाकले ते याच विमानांनी, आणि त्या मोहिमेसाठीच आम्हाला खेळात मिराज हवा होता. त्या काळानंतर विमानात झालेल्या सुधारणांशी आमचा काडीचाही संबंध नव्हता. हा तपशील पुढे कामाला आला.

चाचण्या चालू असताना एक खोट वारंवार दिसत होती. आमचा मिराज पूर्ण जोरावर ९ जीच्या, म्हणजे विमानावर स्वतःच्या वजनाच्या नऊपट भार आणणाऱ्या, वळणात कितीही वेळ फिरत राही आणि त्याचा वेग मात्र उतरत नसे. आडवी शेपटी नसलेल्या त्रिकोणी पंखांच्या विमानाला हे शोभत नाही. असे विमान वळणाच्या पहिल्या क्षणी नाक झटकन फिरवते, पण त्यासाठी पंख हवेशी मोठ्या कोनात भिडवावे लागतात आणि त्याची किंमत वेगाने मोजावी लागते. उचलीतून, म्हणजे पंखांनी विमान तोलून धरण्यातून, निर्माण होणाऱ्या रोधाचा आकडा आमच्याकडे दुसऱ्या एका विमानाच्या फाइलीतून, रीतसर परवानगीने, आला होता. तो बदलायचा हे सगळ्यांना मान्य होते, मात्र कशाच्या आधारावर बदलायचा यावर एकमत होत नव्हते.

एका रविवारी सकाळी गटातील सर्वांत तरुण मुलाने मला एक झिप फाइल पाठवली. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि स्किनच्या कामात त्याचा हात धरणारा आमच्यात कोणी नाही. इंधनाच्या झाकणाभोवतीचे ओघळ, पंखांच्या मुळाशी तंत्रज्ञांच्या बुटांनी पडणारी झीज, हे तो केवळ प्रदर्शनांतील छायाचित्रे पाहून रंगवतो. फाइलीसोबत त्याने लिहिले होते, “दादा, आता अंदाज बांधायची गरज नाही. खरे चार्ट मिळाले.” फोनच्या पडद्यावर पहिल्या पानाची लहानशी झलक दिसत होती आणि तिच्यावर वितरण मर्यादित असल्याचा शिक्का स्पष्ट वाचता येत होता. मी फाइल उघडली नाही. ती पाने खरी की बनावट हे ठरवण्यासाठी ती वाचावी लागली असती, आणि नेमके तेच टाळायचे होते. मी त्याला फोन करून एवढेच सांगितले, की ही फाइल आणखी कोणाला पाठवली नसशील तर आता पाठवू नकोस, आणि फोन घेऊन घरी ये.

पिंटो पार्कहून तो स्कूटरवर आला तो थोडा नाराजच होता. त्याचे म्हणणे सरळ होते आणि ते अगदीच चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. “दादा, हे आपण चोरलेलं नाही. कुठल्या तरी ग्रुपवर फिरतंच आहे. आपण फक्त एक आकडा घेणार, पानं कुठं छापणार आहोत?” मी त्याला अमेरिकेतील खटल्याची हकीकत सांगितली. लढाऊ सिम्युलेटर बनवणाऱ्या एका कंपनीत काम करणाऱ्या रशियन माणसाने एफ-१६ विमानाच्या पुस्तिका लिलावाच्या संकेतस्थळावरून मिळवल्या होत्या. पुस्तिका उघड्या लिलावात विकायला होत्या, तरीही त्या अमेरिकेबाहेर नेण्यावर निर्बंध होता, आणि २०१९ मध्ये त्या माणसाला तिथल्या न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागला. ‘वॉर थंडर’ या खेळाचे उदाहरण तर त्याला माझ्याआधीच माहीत होते. खेळातला चॅलेंजर २ रणगाडा चुकीचा बनवला आहे हे सिद्ध करण्याच्या ईर्ष्येने २०२१ मध्ये एका खेळाडूने त्या रणगाड्याच्या पुस्तिकेची पाने सर्वांसमोर टाकली होती, आणि त्यानंतर काही महिन्यांतच फ्रेंच लेक्लेर्क रणगाड्याबाबतही तोच प्रकार घडला. या मंडळींना पैसा नको होता, हेरगिरीही करायची नव्हती. वाद जिंकायचा होता. आमच्या छंदातील माणसाला या मोहाइतका धोकादायक मोह दुसरा नाही, असे माझे मत आहे.

आपल्याकडचा कायदाही मी त्याला दाखवला. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ च्या कलम ५ मध्ये केवळ गुप्त माहिती देणाराच नव्हे, तर ती या कायद्याचा भंग करून दिली जात असल्याचे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास वाजवी कारण असताना, स्वेच्छेने घेणाराही दोषी ठरतो. पहिल्याच पानावरचा शिक्का हे वाजवी कारण नव्हे, असे म्हणायला मोठे धैर्य लागेल. एवढे ऐकल्यावर तो गप्प झाला आणि फाइल पुसून टाकायला निघाला. मी त्याचा हात धरला, कारण तोवर मी एक साधा प्रश्न विचारलाच नव्हता: ही पाने तुला दिली कोणी?

त्याने संभाषण दाखवले आणि माझा सगळा सूरच बदलला. पाठवणाऱ्याशी त्याची कधीही भेट झालेली नव्हती. त्या माणसाने आधी कित्येक आठवडे केवळ स्किनचे कौतुक केले होते, तेही जाणकाराच्या भाषेत. शेपटीच्या कडेवरील रंग उडाल्याची जागा अचूक ओळखल्याबद्दल त्याने शाबासकी दिली होती. मग आमच्या अडलेल्या वळणाची चौकशी केली होती आणि त्याच्यामागोमाग ही पाने आली होती. पानांच्या खाली, त्याच सकाळी आलेला आणि मुलाने अजून उत्तर न दिलेला संदेश होता. तू ग्वाल्हेरचाच आहेस ना, असे विचारून पुढे लिहिले होते, की सध्या उडणाऱ्या विमानांच्या शेपटीवरचे क्रमांक आणि पंखांखाली काय टांगलेले दिसते ते सांगितलेस तर तुझी स्किन आणखी खरी करता येईल.

१९९९ च्या विमानाच्या स्किनसाठी या आठवड्यात कोणते विमान उडाले हे कशाला हवे, असे मी मुलाला विचारले, आणि उत्तराची वाट पाहावी लागली नाही. त्याचा चेहरा उतरला. दोन तासांपूर्वी जी गोष्ट मी परवानगी आणि परवान्याची समजत होतो, ती तशी राहिलेली नव्हती. ती पाने म्हणजे गळाला लावलेले आमिष होते.

त्याच्या वडिलांना बोलावणे त्याला फार जड गेले. ते सरकारी नोकरीत आहेत आणि मुलाचा हा छंद त्यांनी आजवर फक्त सहन केलेला आहे. पण ते आले, शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि एकच म्हणाले, “आत्ता जाऊ या. उद्यावर टाकलं तर आपणच लपवल्यासारखं होईल.” आम्ही काहीही पुसले नाही, पुढे पाठवले नाही, त्या माणसाला उत्तर दिले नाही आणि त्याला ब्लॉकही केले नाही, माझ्या फोनवर आलेली प्रतही तशीच ठेवली. अशा वेळी घाबरून फाइल नष्ट करणे स्वाभाविक असले, तरी तसे केल्यास आपल्या बाजूचा पुरावाही जातो, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

पोलीस ठाण्यात सगळ्यांत जास्त वेळ मॉड म्हणजे काय हे समजावण्यात गेला. “मतलब जहाज़ असली नहीं है, पेंट असली है?” असे तिथल्या अधिकाऱ्याने विचारले, आणि खरे सांगायचे तर आमच्या छंदाची इतकी नेमकी व्याख्या मी पूर्वी ऐकली नव्हती. शेवटचा संदेश वाचल्यावर मात्र त्यांनी थट्टा थांबवली, दोन्ही फोन ताब्यात घेऊन त्याची पावती दिली आणि मुलाचे व माझे म्हणणे लिहून घेतले. नंतर आणखी एकदा बोलावून त्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. पुढे फोन परत मिळाले. तपासाचे पुढचे टप्पे आम्हाला सांगितले जाण्याचे कारण नव्हते आणि आम्हीही विचारले नाहीत.

वळणाचा प्रश्न मात्र शिल्लक होताच, आणि तो उघड्या माहितीवर सुटतो हे मुलाला दाखवणे मला फार महत्त्वाचे वाटले. मिराज २००० च्या पंखांचा विस्तार ९.१३ मीटर, क्षेत्रफळ ४१ चौरस मीटर आणि एम५३-पी२ इंजिनाचा आफ्टरबर्नरसह, म्हणजे मागच्या झोतात जादा इंधन जाळून मिळणारा, जोर सुमारे ९५ किलोन्यूटन, हे सगळे कोणत्याही विमानकोशात छापलेले असते. लढाईच्या वेळचे वजन साडेनऊ टन धरले, समुद्रसपाटीवर ताशी ७२० किलोमीटर वेग धरला आणि पंखांची कार्यक्षमता ०.७५ मानली, तर महाविद्यालयीन पुस्तकातील सूत्राने ९ जीच्या वळणात केवळ उचलीमुळे होणारा रोध सुमारे १४६ किलोन्यूटन निघतो. इंजिन ९५ देते आणि रोध १४६ मागतो, म्हणजे वेग उतरलाच पाहिजे; विमानाच्या अंगाचा मूळ रोध तर यात धरलेलाही नाही. तेच गणित ५ जीला केले तर उचलीचा रोध ४५ किलोन्यूटनच्या आसपास येतो, मूळ रोधाचे आणखी वीसेक मिळवले तरी जोर पुरून उरतो आणि तिथे विमान वेग टिकवून वळते. इंजिनाचा छापील जोर जमिनीवर उभ्या स्थितीतला असतो आणि तो वेग व उंचीबरोबर बदलतो, त्यामुळे हे आकडे काटेकोर नाहीत. पण खोट नेमकी कुठे होती हे त्यांनी निर्विवाद दाखवले. वहीतले हे गणित मुलाने स्वतः पुन्हा केले, फाइलीतला गुणांक बदलला, आणि संध्याकाळच्या चाचणीत आमचा मिराज प्रथमच त्रिकोणी पंखांच्या विमानासारखा वागला: झपकन वळला आणि धापा टाकू लागला.

रडार आणि धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्रणेचे आकडे अशा गणिताने निघत नाहीत. तिथे आम्ही त्या पिढीच्या विमानांसाठी खेळात प्रचलित असलेली ढोबळ, गोल संख्या ठेवली आणि फाइलीतच टीप लिहिली, की हा खेळापुरता अंदाज आहे. शेपटीवरचे क्रमांक फक्त हवाई दलाने स्वतः प्रसिद्ध केलेल्या आणि बंगळूरूच्या एअरो इंडिया प्रदर्शनातील छायाचित्रांतून घेतले. लष्करी तळ हे कायद्याने निषिद्ध स्थान असल्यामुळे कुंपणाबाहेरून काढलेले एकही छायाचित्र घ्यायचे नाही, हा नियम आमच्याकडे पूर्वी तोंडी होता. आता तो रीडमीच्या पहिल्या परिच्छेदात आहे. वळणाचे संपूर्ण गणितही रीडमीला जोडले, म्हणजे ज्याला पटणार नाही त्याला ते तपासता येईल.

मॉड प्रसिद्ध झाल्यावर तक्रारी आल्याच. मिराज मुद्दाम दुबळा केला, भारतीय विमानाचा अपमान केला, असेही एकाने लिहिले. एका परदेशी खेळाडूने मात्र तक्रारीऐवजी आमच्याच रीतीने केलेले स्वतःचे गणित पाठवले. त्यात त्याने पंखांची कार्यक्षमता ०.७ धरली होती आणि त्यामुळे रोध १५७ किलोन्यूटनच्या घरात जात होता. मुलाला ते पटले आहे, आमच्यातल्या सांगाडा बनवणाऱ्याला अजिबात पटलेले नाही, आणि पुढच्या आवृत्तीत कोणता आकडा घालायचा यावर दोघांची रोज जुंपते.