सिमेंट गिळलेला रायवळ

हायड्रा क्रेनने आंब्याचा ओंडका उतरवल्यावर आधी टेप लावला. मध्यावर घेर १३८ इंच, लांबी साडेनऊ फूट. वखारीचा हिशेब जुनाच: घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी, भागिले १४४. साडेअठ्ठ्याहत्तर घनफूट आले. खरं गोल घनफळ काढलं तर ते शंभराच्या आसपास जातं. मधला फरक म्हणजे साल, सालीकडून निघणारे पाठीचे तुकडे आणि भुसा यांची आधीच धरलेली घट. ओला आंबा, त्यामुळे वजन अडीच टनांच्या पुढेच.

झाड राधानगरीकडच्या एका बांधावरचं, रायवळ, म्हणजे कोयीपासून उगवलेला गावठी आंबा. १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा येतो, म्हणून तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा पास हे दोन्ही कागद बघितल्याशिवाय आम्ही गाडी आत घेत नाही. गिऱ्हाईकाला हव्या होत्या जाड अखंड फळ्या: बारा माणसांचं जेवणाचं टेबल आणि एक काउंटर. तयार जाडी दोन इंच, कडा झाडाच्या होत्या तशाच.

असा माल आला की पहिला तास मशीन बंद ठेवायचं. ओंडक्याची दोन्ही तोंडं साखळी करवतीने इंचभर नव्याने छाटायची, पाणी मारायचं आणि बघत बसायचं. छाटल्याशिवाय धूळ आणि सुकलेल्या चिकाखाली काही दिसत नाही.

बुंध्याच्या तोंडावर तीन गोष्टी दिसल्या. भेंडीपासून (भेंड म्हणजे खोडाच्या मधला मऊ गाभा) फुटलेली चांदणीसारखी भेग, तिचा एक फाटा चौदा इंच लांब, बाकीचे तीन-चार इंचांत संपलेले. दुसरं, भेंड मध्यावर नव्हती, चार इंच एका बाजूला सरकलेली. म्हणजे झाड बांधावरून कललेलं असणार. आणि सालीच्या आत दोनेक इंचांवर निळसर काळा डाग, नखाएवढा. आंब्याच्या लाकडात टॅनिन असतं, लोखंड ओलं झालं की त्याच्याशी मिळून हा रंग येतो आणि ग्रेनच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दिशेने फूट-दोन फूट वर-खाली चढतो. असा डाग दिसला की वर कुठेतरी खिळा किंवा तार आहे असं धरूनच चालायचं. मेटल डिटेक्टर फिरवला तर त्या बाजूला तीन ठिकाणी वाजला, एकाखाली एक, साधारण फुटाफुटाच्या अंतरावर. कुंपणाची काटेरी तार. बांधावरच्या झाडाला खांबाचं काम करावंच लागतं.

इथवर नेहमीचंच. वेगळं होतं ते तारेपासून पाव घेर पुढे. बुंध्यापासून साडेतीन फुटांवर सालीवर एक उभी शिवण होती, दोन फूट लांब, दोन्हीकडची साल आत वळून मिटलेली. जुनी जखम भरून आलेली. अशा जखमेमागे बहुतेक वेळा पोकळी किंवा कूज असते, म्हणून हातोडीने ठोकून आवाज घेतला. पोकळीचा आवाज ढब्ब येतो. इथे आवाज बद्द पण भरीव येत होता, आजूबाजूच्या निरोगी लाकडापेक्षाही घट्ट. डिटेक्टर गप्प. आमचे आरेवाले मामा म्हणाले, “आत दगड हाय. लाकूड असं बोलत नाही.”

दहा मिलिमीटरचं लांब ड्रिल शिवणीतून घातलं. आधी सालीचा तांबूस भुसा, मग पिवळट लाकूड, साडेतीन इंचांवर ड्रिल किंचाळलं आणि राखाडी पूड बाहेर आली. सिमेंट.

ढोलीत साप-विंचू राहू नयेत, पाणी साचून झाड कुजू नये म्हणून ती विटांचे तुकडे आणि सिमेंटने बुजवायची पद्धत गावोगावी होती. कूज त्याने थांबत नाही. झाड वाऱ्याने हलतं, सिमेंट हलत नाही, मध्ये फट पडते आणि तिच्यात पाणी टिकून राहतं. आरेवाल्यासाठी मात्र हे खिळ्यापेक्षा वाईट. डिटेक्टरला कळत नाही, आणि खिळा चार दात नेतो तिथे सिमेंट करवतीची सगळी पट्टी बोथट करतं. एका बाजूचे दात जास्त गेले की पट्टी काप सोडून वर-खाली धावते आणि खालच्या-वरच्या दोन्ही फळ्यांची जाडी बिघडते.

एक गोष्ट आपल्या बाजूने असते. अमेरिकी वनखात्याचे ॲलेक्स शायगो यांनी १९७०च्या दशकात शेकडो झाडं उभी चिरून दाखवलं की जखम झाली त्या दिवसापर्यंतचं लाकूडच कुजतं. त्यानंतर बाहेरून वाढलेल्या लाकडात कूज सहसा शिरत नाही, झाड मध्ये भिंत घालतं. ड्रिल साडेतीन इंच चांगल्या लाकडातून गेलं होतं, म्हणजे तेवढी बाहेरची वाढ धडधाकट. चौदा इंची भेगही शिवणीच्याच दिशेला निघालेली होती. जखमेतून भेग फुटणं हे आंब्यात नवं नाही.

आता ओंडका कुठल्या बाजूवर झोपवायचा हा प्रश्न. अर्धी कमाई इथेच ठरते, आणि बहुतेक वखारींत ओंडका जसा गडगडत येईल तसा चिरतात. सिमेंटची पोकळी पाच इंच रुंद, दोन फूट लांब आणि आत नऊ इंच खोल असेल असं ड्रिलच्या आणखी चार भोकांवरून कळलं. शिवण वर ठेवून चिरलं असतं तर ती नऊ इंच खोली वरून खाली येताना तीन ते चार फळ्यांच्या मधोमध भोक पाडून गेली असती. शिवण कडेला, मधल्या उंचीवर आडवी ठेवली तर पोकळीची फक्त पाच इंच रुंदी कापांच्या आड येते, म्हणजे दोन फळ्या. मधल्या फळ्यांत भेंड असतेच, त्या तशाही फुटणारच होत्या. लांब भेगही त्याच पातळीत आडवी पडत होती. भेंड, भेग आणि सिमेंट अशी तिन्ही दुखणी एकाच थरात घालून वरच्या-खालच्या फळ्या मोकळ्या ठेवायच्या, एवढाच डाव. या मांडणीत तार वरच्या बाजूला आली, पण ती सालीपासून दोन-तीन इंचांतच होती. पाठीच्या तुकड्याबरोबर जाणार किंवा त्याआधी काढता येणार.

चेन ब्लॉकने ओंडका फिरवला आणि दोन्हीकडून पाचरी ठोकल्या. शेंड्याकडचं टोक बारीक, म्हणून त्याच्याखाली दोन इंचांची फळी सारून भेंड दोन्ही टोकांना बेडपासून सारख्या उंचीवर आणली. हे केलं नाही तर ग्रेन फळीतून तिरका बाहेर पडतो आणि सुकताना फळी पिळवटते.

तार काढायला डिटेक्टरने खुणा करून साल सोलली, पटाशीने लाकूड कोरत गेलो. दोन पदर पूर्ण निघाले. तिसरा आत खोल गंजून तुटला होता, तिथे गोल भोक पाडणारा होल सॉ घालून त्याच्यासकट लाकडाची गुल्ली काढली. सिमेंटसाठी आधी शिवणीवरचं साडेतीन इंचांचं आवरण साखळी करवतीने चौकोनी कापून उचललं, आधी ड्रिलने खोली मोजलेली असल्यामुळे साखळी सिमेंटला लागू दिली नाही. आत विटांचे तुकडे आणि कमी सिमेंटचा भुसभुशीत माल. ब्रेकर मशीनला छिन्नी लावून तो लवकर सुटला, कारण भोवतीचं लाकूड कुजून आधीच सैल झालं होतं. बादलीभर निघाला. मग तारेचा ब्रश आणि हवेचा झोत. तरी कुजलेल्या लाकडाच्या रंध्रांत रेती राहतेच.

चिरायला सुरुवात वरून. आमचा आडवा बँडसॉ चार फूट रुंदीचा, पट्टी सव्वा मिलिमीटर जाडीची. चाळीस इंच रुंद कापात दातांमधल्या खाचांत भुसा मावला पाहिजे, म्हणून सव्वा इंच अंतराच्या दातांची पट्टी लावली. जवळच्या दातांनी रुंद ओलं लाकूड कापलं की भुसा अडकतो, पट्टी तापते, ढिली पडते आणि कापाला लाट येते. पाण्यात थोडा भांड्यांचा साबण घालून बारीक धार सोडली होती, आंब्याचा चीक पट्टीवर थापला जाऊ नये म्हणून. एका कापाला चारेक मिनिटं. घाई करण्यात अर्थ नाही.

चिकाचा विषय निघालाच आहे तर: ओला आंबा चिरताना पूर्ण बाह्या, हातमोजे आणि मास्क हवाच. कैरीच्या चिकाने ज्याच्या तोंडाला फोड येतात त्याच्या हातांना या भुशानेही येतात. काम झालं की साबणाने हात धुवायचे, घाम पुसायला तोच हात वापरायचा नाही.

जाडी पावणेतीन इंच ठेवली. दोन इंच हवे असताना पाऊण इंच जास्त कशाला, असं गिऱ्हाईक दरवेळी विचारतं. पूर्ण सुकताना आंबा वलयांच्या दिशेने सुमारे साडेपाच टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे साडेतीन टक्के आटतो. जाडीतली ही घट एक-दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). उरलेलं सगळं वाकण्यासाठी. कडेच्या फळ्यांत सालीकडची बाजू खोलगट होते, आणि चाळीस इंच रुंदीवर दोन सूत जरी खोली आली तरी दोन्ही बाजूंनी सपाट करताना अर्धा इंच जातो. परदेशी ओक वापरणारे अशा कामात आणखी सावध असतात. पांढरा ओक वलयांच्या दिशेने दहा टक्क्यांच्या वर आटतो, आणि जाड ओक घाईत सुकवला तर बाहेरून अखंड दिसतो, आतून जाळीसारखा फाटतो. त्या मानाने आंबा गरीब.

पण हा आंबा कललेला होता. चौथ्या फळीला कापातून लोकरीसारखे धागे निघू लागले आणि फळी मोकळी होताच शेंड्याकडचं टोक अर्धा इंच उचललं. कललेल्या झाडाच्या वरच्या बाजूला ताण धरणारं लाकूड तयार होतं, ते लांबीतही आटतं. रंधा मारून ही फळी सरळ करता येईल, पण पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा वाकेल. तिचे तिथेच तीन-तीन फुटांचे तुकडे केले, बाकड्यांसाठी. छोट्या लांबीत तेवढा बाक जाणवत नाही.

सिमेंटच्या थरातल्या कापांना चांगली पट्टी उतरवून जुनी, धार संपत आलेली पट्टी चढवली. राहिलेल्या रेतीने ती घालवलीच. भेंडीची फळी भेंडीवर उभी चिरून दोन केल्या. अखंड ठेवली असती तर ती स्वतःच्या मर्जीने कुठेही फाटली असती.

नवव्या फळीत बोटभर जाडीचं वेडंवाकडं बीळ निघालं. भिरूड. खोडकिड्याची अळी हिवाळ्या-पावसाळ्यात महिनोन्‌महिने आत कोरत राहते, आणि शेतकरी भोकात तार घालून तिला मारतात. बिळाच्या टोकाला सायकलचा स्पोक सापडला, अर्धा गंजलेला. नशीब, तो कापाच्या समांतर होता.

भिरुडाची भोकं दिसायला वाईट, पण ती जिवंत झाडातली, सुकलेल्या लाकडात ती कीड पुढे वाढत नाही. खरी भीती नंतर येणाऱ्या भुंग्याची. मैद्यासारखी पूड पडू लागली की फळी आतून गेली समजायचं. आंब्याला त्याच्यापुढे स्वतःचं काही संरक्षण नाही. म्हणून चिरल्या चिरल्या, लाकूड ओलं असतानाच, तीन भाग बोरॅक्स आणि दोन भाग बोरिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून दोन्ही बाजूंना आणि कडांना दोन-तीन हात. शंभर लिटरला दोन्ही मिळून दहा किलो. ओल्या लाकडातच यातलं बोरॉन आत झिरपतं, कोरड्यावर लावलं तर वरच राहतं. पावसात मात्र धुऊन जातं, तेव्हा थप्पी छपराखालीच. सालही त्याच दिवशी सोलली, भुंगा सालीखाली आधी बसतो.

टोकांना मेणाचं इमल्शन जाड लावलं. थप्पी जमिनीपासून दीड फूट वर, फळ्यांमध्ये इंच-इंच चौरस कोरड्या सागाच्या पट्ट्या, सोळा इंचांवर एक, सगळ्या एकाखाली एक ओळंब्यात. पट्टी ओली असली तर तिच्याखाली काळा आडवा पट्टा उमटतो आणि तो रंध्याने जात नाही. वर सिमेंटचे ब्लॉक ठेवून पट्टे आवळले. आठवड्याला आवळत राहावं लागतं, लाकूड आटतं तसे ते ढिले पडतात. फाल्गुन-चैत्राच्या वाऱ्याची बाजू शेडनेटने झाकायची. हवेत सुकून लाकडातला ओलावा पंचवीस-तीस टक्क्यांवर आला की सुकवायच्या भट्टीत, आणि बारा टक्क्यांखाली आल्याशिवाय सुताराकडे नाही. भट्टीत गाभ्याला ५६ अंश अर्धा तास मिळाले की आत असलेली अळी मरते, पुढची येऊ नये म्हणून बोरॉन.

टेबलासाठी खालून दुसरी फळी राखली, स्वच्छ, मधोमध कवळा पिवळा आणि तपकिरी पट्टा. काउंटरला भेंडीवर चिरलेल्या दोघींपैकी एक. तिच्यातली भेग डमरूच्या आकाराच्या लाकडी चाव्यांनी बांधायची: बाभळीच्या, भेगेला आडव्या ग्रेनच्या, फळीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या खोल.

सिमेंटच्या पोकळीच्या दोन फळ्या गिऱ्हाईकाला बघताक्षणी आवडल्या, त्या भोकात त्यांना निळं इपॉक्सी ओतून हवं आहे. होईल, पण कुजलेला भाग घट्ट लाकडापर्यंत खरवडून, कडा आधी पातळ इपॉक्सीने बंद करून, आणि मीटरवर बारा टक्के दिसल्यावरच. ओल्यावर ओतलं तर लाकूड आटून इपॉक्सीपासून सुटतं. तोवर त्या थप्पीत तळाला आहेत आणि दोन्हींच्या टोकांवर रंधा मशीनवाल्यासाठी तेलरंगाने लिहून ठेवलंय: “आत रेती. थिकनेसरला लावू नये.”