हिरव्याचा हिशेब

मंगळवार, रात्री पावणेदोन

दोनचा गजर व्हायला पंधरा मिनिटं आहेत. झोप येत नाही, म्हणून वही उघडली. मागच्या पानांवर दुधाच्या मिलीलिटरचा हिशेब आहे, पुढच्या पानांवर हे. नात जन्मून आज पंचविसावा दिवस, घरी येऊन चौथा. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही. श्रावणात आमच्या माळव्यात कपडे वाळतच नाहीत, त्यामुळे गेले चार दिवस लंगोटांवर इस्त्री फिरवते आहे.

लेक पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून माहेरी आली ती हातात हिरवा चुडा भरून. डोहाळजेवण तिकडे थाटात झालं होतं. शेवटच्या सोनोग्राफीत ‘पाणी जास्त आहे’ एवढंच कानावर आलं. मी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला, पण पोटातलं बाळ भोवतालचं पाणी गिळत असतं आणि पुढे वाट बंद असली की ते पाणी साचतं, हे मला साठीत कळलं.

छत्तिसाव्या आठवड्यात, शनिवारी, झाली. वजन 2 किलो 300 ग्रॅम. रात्री तिने ओकलं, हिरवंगार. सगळीच बाळं ओकतात, असं त्या प्रसूतिगृहात सांगितलं गेलं. रात्रपाळीची एक सिस्टर मात्र तो डागाळलेला कपडा घेऊन थेट डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिली. नवजात बाळाने हिरवं ओकलं तर आतड्यात अडथळा आहे असंच धरून चालायचं, तपासून नाही म्हणेपर्यंत. हे आता मी भेटेल त्याला सांगते, अगदी भाजीवालीलासुद्धा.

एक्स-रेत दोन बुडबुडे दिसले. एक जठराचा, दुसरा त्याच्या पुढच्या फुगलेल्या आतड्याचा, आणि त्यापुढे हवेचा मागमूस नाही. लहान आतड्याची सुरुवातच बंद. ड्युओडिनल अट्रेशिया. सोमवारी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पाकिटाच्या पाठीवर पेनाने काढून दाखवलं: वर फुगलेली पिशवी, खाली बोरूसारखी बारीक नळी, दोन्ही शेजारी आणून एकमेकींना जोडलेल्या. “जोड़ तो दिया है, अब आँत को काम सीखने दो,” म्हणाले.

त्या शिकण्याला किती दिवस लागतील, हे कुणीच सांगत नव्हतं.

तिच्या तोंडातून पोटात नळी होती. त्यातून जे बाहेर येई ते दर काही तासांनी मोजायचं. किती आलं आणि कुठल्या रंगाचं. दाट हिरवं, मग पोपटी, मग कैरीच्या पन्ह्यासारखं, मग पाणी. दूध बंद. शिरेतून पिवळी पिशवी आणि सोबत पांढरी, त्यावर ती जगत होती. माझ्या घरात आलेला माणूस पोहे खाल्ल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. आणि इथे सख्खी नात आठ दिवस उपाशी, आणि तिला काहीही न देणं हीच तिची सेवा. लेकीला दूध भरून यायचं. दर तीन तासांनी काढायचं, डबीवर वेळ लिहायची, फ्रीजमध्ये ठेवायची. पहिल्या दिवशी आत जाताना कोपरापर्यंत हात धुवायला सांगितले आणि बांगड्या उतरवायला. काचेचा चुडा एकेक करून काढताना लेक रडली नाही. मी रडले.

घरी सासूबाई, वय चौऱ्याऐंशी. पाचव्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवून बसल्या. सटवी येऊन कपाळी लिहून जाणार, पण बाळ कुठे घरात! मी इस्पितळातून फोन केला तेव्हा म्हणाल्या, “अगं, तिला पत्ता नको का कळायला? नीट सांग, मजला कितवा?” मी सांगितलं, तिसरा मजला, एनआयसीयू म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, खिडकीकडून दुसरा पाळणा. त्यांनी ते कागदावर लिहून पाटावर ठेवलं. तो कागद मी जपून ठेवला आहे.

हसू येतं, पण त्यांच्याच तोंडून एकदा “ग्रहणात काही चिरलं असेल पोरीने” हेही आलं. लेकीच्या कानावर पडलं. दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना तेच विचारलं, अगदी हळू आवाजात. त्यांनी समजावलं की गर्भात हा भाग आधी नळीसारखा असतो, मग पेशींनी भरून बंद होतो आणि आठव्या-दहाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा पोकळ होतो. काहींचा होत नाही. ग्रहण त्याच्या कितीतरी नंतरचं. घरी येऊन मी सासूबाईंपुढे तारखा मांडल्या, वर्गात मांडायचे तशा. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी लेकीसाठी अळिवाची खीर स्वतः ढवळत बसल्या.

या आजारासोबत साधारण तिघांतल्या एका बाळाला डाउन सिंड्रोम असतो, म्हणून रक्त तपासायला गेलंय. रिपोर्ट यायचा आहे. हृदयाची तपासणी झाली, ठीक आहे. याच्यावर जास्त लिहायला हात उठत नाही.

नवव्या दिवशी सिस्टर दारातूनच ओरडली, “नानीजी, पॉटी करी!” हिरवीच, पण खालून. वरचं हिरवं म्हणजे जीव टांगणीला, खालचं हिरवं म्हणजे पेढे. वेटिंग हॉलमध्ये खरगोनकडची एक आजी शेजारी बसायची, तिचा नातूही आत होता. मी तिला मिठी मारली. पेढे नव्हतेच, जावईबापू खाली जाऊन जिरावण भुरभुरलेले पोहे घेऊन आले, तेच वाटले.

दहाव्या दिवशी दूध: 2 मिली, दर दोन तासांनी. चमच्यातही दिसेना. मग 4, मग 7. मध्ये दोनदा हिरवट आलं आणि पुन्हा थांबवलं. ते दोन दिवस मी वहीत काही लिहिलेलं नाही. विसाव्या दिवशी 30. शिरेतली सुई निघाल्यावर सिस्टरने बाळ लेकीच्या छातीशी उघडं बांधलं, मग जावयांच्या. कांगारू केअर. ही पद्धत 1978 मध्ये बोगोटात सुरू झाली. कोलंबिया, राजधानी बोगोटा, एवढं तरी मला येत होतं.

घरी आणताना कागद मिळाला. हिरवी उलटी, पोट फुगणं, ताप, दूध नाकारणं, यांपैकी काहीही झालं तर ताबडतोब यायचं. घुटी नाही, मध नाही, पोटाला मालिश नाही, धुरी नाही. मी तो स्वयंपाकघरात चिकटवला. सासूबाईंनी चष्मा लावून वाचला. “मग करायचं काय आम्ही?”

उत्तर त्यांनाच सापडलं. अंगावर ओढून दमली की उरलेलं काढलेलं दूध पाजायला इस्पितळाने स्टीलचं चोचीचं भांडं दिलंय, पलाडई म्हणतात. ते बघून त्या ताडकन उठल्या, कपाटातून फडक्यात गुंडाळलेली वस्तू आणली. चांदीचं बोंडलं! ह्यांना त्याच बोंडल्याने पाजलेलं. “यांच्या विज्ञानात आमचंच भांडं,” म्हणाल्या. डॉक्टरांना विचारलं. दर वेळी दहा मिनिटं उकळत असाल तर चालेल म्हणाले. तेव्हापासून उकळण्याची जबाबदारी सासूबाईंची. घड्याळ लावून गॅसपाशी उभ्या राहतात. मला पातेल्याला हात लावू देत नाहीत.

काल वजन 2 किलो 430. नाव अजून नाही. इस्पितळाच्या पट्टीवर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे लेकीचं नाव, बारसं राहिलेलंच आहे. पाळणा मात्र माळ्यावरून उतरवला.

*

पावणेतीन. आधी अंगावर दोन्ही बाजूंना प्यायली, वर बोंडल्याने 15. ढेकर काढली. लेक बसल्याबसल्या झोपली, तिला आडवं केलं. नातीचं पोट हाताने पाहिलं, मऊ आहे. टाक्यांची आडवी रेघ आता फिकट गुलाबी झालीय.

पलीकडच्या खोलीतून आवाज आला, “प्यायली?”

“हो, आई.”

“वर काही आलं?”

“नाही.”

“मग दिवा घालव. वीज फुकट नाही येत.”