अर्धेच चॅनेल

रामबागेतल्या त्या जुन्या वाड्यात टीव्हीची छत्री दुरुस्त करायला माझ्याआधी दोघे जण येऊन गेले होते. एकाने सेट-टॉप बॉक्स बदलला, दुसऱ्याने छत्री हलवून पैसे घेतले. काकूंची तक्रार तीच राहिली. "अरे, अर्धेच चॅनेल लागतात. आणि जे लागतात त्यातलं एचडी पाऊस आला की आधी जातं."

'अर्धेच' म्हटल्यावर माझे कान टवकारले. छत्रीच्या तोंडाशी असलेल्या, उपग्रहाचा सिग्नल पकडून खाली पाठवणाऱ्या एलएनबीला वीजही त्याच केबलमधून जाते. 13 व्होल्ट मिळाले की तो उभ्या ध्रुवणाच्या, म्हणजे उभ्या दिशेत कंप पावणाऱ्या लहरी पकडतो, 18 मिळाले की आडव्या; काही चॅनेल उभ्यांवर येतात, काही आडव्यांवर. मग 18 वर पोहोचतच नसतील तर?

गच्चीवर छत्रीलाच मीटर लावला. उभ्या-आडव्या दोन्ही लहरींना भरपूर सिग्नल, म्हणजे छत्री निर्दोष. मग घरातली केबल जोडून, एलएनबी चालू ठेवून व्होल्टेज मोजलं. खालून बॉक्स 18 सोडत होता, वर जेमतेम 14 येत होते. एलएनबी त्याला 13 च समजत होता.

केबल हाताने चाचपत एकेक मजला उतरलो. दुसऱ्या मजल्यावर पाइपामागे काळ्या टेपचा मुठीएवढा गोळा सापडला. टेप सोडवली तर आतून पाणी ठिबकलं. घरातल्या विजेच्या वायरींसारखी मधली तार नुसती पिळून जोडलेली, तांब्यासारखी दिसणारी जाळी काळी-हिरवी होऊन बोटावर भुकटी येत होती. मला खरंच वाईट वाटलं. छत्रीच्या या कोॲक्सियल केबलमध्ये मधली तार, तिच्याभोवतीचा पांढरा फोम आणि बाहेरची जाळी यांचं अंतर सारखं असतं, म्हणून तिचा सिग्नलला होणारा 75 ओहमचा अवरोध (इम्पीडन्स) सगळीकडे सारखा टिकतो. असा जोड दिला की सिग्नलचा काही भाग तिथे आपटून मागे फिरतो. त्यात एलएनबी खाली पाठवतो तो सिग्नल 950 ते 2150 मेगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सीचा. ओल्या केबलमध्ये वरच्या फ्रिक्वेन्सी आधी मरतात. एचडी बहुधा 8 पीएसके या, लहरीत जास्त माहिती दाटून बसवणाऱ्या पद्धतीने येतं, त्याला साध्या चॅनेलपेक्षा स्वच्छ सिग्नल लागतो. तो थोडा उणा पडला की चित्र धूसर होत नाही, चौकोन चौकोन होऊन थिजतं.

निव्वळ तांब्याच्या तारेची आरजी-6 जातीची नवी कोॲक्सियल केबल गच्चीपासून बैठकीपर्यंत सलग ओढली, मध्ये एकही जोड नाही. छत्रीपाशी पिनेच्या आधी केबलला झोल दिला, पाणी तिथूनच गळून जावं म्हणून. वर परत मोजलं, 17.4 व्होल्ट.

काका एकेक चॅनेल पुढे नेत राहिले, एकही रिकामा लागला नाही. मी जुनी केबल गुंडाळत होतो. तिच्या टोकातून पायरीवर अजून पाणी पडत होतं.