पुरात बुडालेली मारुती, उद्यमनगरची प्लेट आणि ७७ व्होल्ट

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४३ फूट) तेव्हा आमची मारुती ८०० शाहूपुरीत घराखालीच उभी होती. आई-पप्पांना घेऊन कसंबसं बाहेर पडलो, गाडी काढायला वेळच मिळाला नाही. पाणी उतरल्यावर येऊन बघतोय तर सीटच्या वरपर्यंत गाळाची रेघ. तेव्हा घर धुवायचं, गाद्या टाकायच्या, कागदपत्रं वाळवायची, गाडीकडं कोण बघणार, ती तशीच महिना-दीड महिना राहिली आणि आत गंज धरून इंजिन जाम झालं. मेकॅनिक म्हणाला बोअर करावं लागेल, सगळं उघडल्यावर कळेल किती खर्च येतोय ते. भंगारवाला दोनदा येऊन गेला. पप्पा दोन्ही वेळा दारात उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "गाडी द्यायची नाही." २००५ ची गाडी, पीएफच्या पैशातून घेतलेली, पुढचं मी काय बोलणार.

मग ती ट्रॉलीवर घालून आमच्या केर्लीकडच्या रानातल्या शेडमध्ये नेऊन ठेवली आणि चार वर्षांनी, २०२३ ला, मी तिला इलेक्ट्रिक करायला घेतली. आता ती चालते. कशी केली विचारणारे बरेच जण आहेत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न बॅटरी कुठनं आणली हाच असतो, म्हणून आधीच सांगतो, बॅटरी हा सोपा भाग आहे. पैसे असले की बॅटरी मिळते, मोटर मिळते, कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा) मिळतो. जे कुठंच विकत मिळत नाही ते म्हणजे मोटर आणि मारुतीचा गिअरबॉक्स यांना जोडणारी प्लेट, आणि माझं अर्धं वर्ष तिच्यातच गेलं.

गिअरबॉक्स मी ठेवला. ७९६ सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन काढलं, सायलेन्सर, रेडिएटर, पेट्रोलची टाकी सगळं काढलं, पण गिअरबॉक्स आणि चाकांना जाणारे शाफ्ट जसेच्या तसे. मोटरला गिअर टाकत बसावं लागत नाही, पण माझी मोटर १० किलोवॅटची आहे आणि एवढ्या मोटरनं चढ चढायचा तर दुसरा गिअर पाहिजेच. आता इंजिनच्या जागी मोटर बसवायची म्हणजे मोटरचा शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट एका रेषेत आले पाहिजेत. थोडेसे जरी बाजूला राहिले तरी बेअरिंग खातात, स्प्लाइन (शाफ्टवरचे दाते) खातात, आणि गाडी आतनं घुमायला लागते.

पहिली प्लेट मी पुठ्ठ्यावर बोल्टची भोकं उतरवून काढली, त्याच्यावरनं ड्रॉइंग केलं आणि १६ मिलीमीटरच्या अॅल्युमिनियममध्ये कापून आणली. बसली झकास. मोटर फिरवली आणि हजार आरपीएमच्या पुढं गेल्यावर अख्खी बॉडी थरथरायला लागली. तीन आठवडे मी माउंटिंगची रबरं बदलत बसलो, कप्लिंग बदललं, काही फरक नाही.

शेवटी गिअरबॉक्स आणि प्लेट दोन्ही टेम्पोत घालून उद्यमनगरात, म्हणजे आमच्या लेथ-वर्कशॉपच्या वसाहतीत गेलो. तिथं एक मामा आहेत, सत्तरीचे, लेथवर पन्नास वर्षं गेलेली. त्यांनी काही विचारलं नाही, गिअरबॉक्स टेबलावर उभा केला, शाफ्ट वर, प्लेट बोल्ट लावून घट्ट केली, आणि डायल गेजचं (बारीकसा फरकही काट्यावर दाखवणारं मापयंत्र) स्टँड त्या इनपुट शाफ्टलाच बांधलं. डायलचं टोक प्लेटच्या मधल्या गोल भोकाला, म्हणजे बोअरला, आतनं टेकवलं आणि शाफ्ट हातानं हळूहळू फिरवला. काटा एका बाजूला गेला, परत आला, दुसऱ्या बाजूला गेला. एका फेऱ्यात पॉइंट सहा मिलीमीटर. म्हणजे माझं सेंटर पॉइंट तीन सरकलेलं होतं. मामांनी काट्याकडं बोट केलं आणि म्हणाले, "मर्दा, बोल्ट नुसतं धरून ठेवतंय, जागा डॉवेल सांगतंय."

खरंच की. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये दोन डॉवेल पिना असतात, लहानशा, लक्षातही येत नाहीत. बोल्टचं भोक बोल्टपेक्षा मोठंच ठेवलेलं असतं, त्यात खेळ असतो. डॉवेलला खेळ नसतो. कंपनीत सेंटर ठरतं ते डॉवेलवर. मी सगळं माप बोल्टवरनं घेतलेलं. मामांनी जुनं इंजिन आहे का विचारलं, म्हटलं हाय की शेडमध्ये, दुसऱ्या दिवशी तेही नेलं. ब्लॉकच्या डॉवेलपासून क्रँकच्या सेंटरपर्यंत त्यांनी माप घेतलं, नव्या प्लेटला आधी डॉवेलची भोकं मारून रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) फिरवला, आणि मोटरच्या तोंडाचा बोअर सगळ्यात शेवटी, डायल लावून लावून काढला. परत शाफ्टला डायल बांधला. काटा हलला की नाही तेच कळेना, वाकून बघितलं तर पॉइंट शून्य सहा. कप्लिंगसाठी जुन्या क्लचप्लेटचा मधला स्प्लाइनचा तुकडाच कापून घेतला आणि त्याला मोटरच्या शाफ्टच्या मापाचा तुकडा चावीगाळा (चावी बसवायची खाच) काढून जोडून दिला. शंभर वर्षांपूर्वी बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात घडवला, आणि उद्यमनगरातल्या त्या काळपट शेडमध्ये उभं राहिलं की ते कसं झालं असेल ते समजतं. ज्याला कुणाला गाडी करायची आहे त्यानं आधी प्लेट करावी, सेंटर बघावं, मगच बॅटरीचे पैसे भरावेत.

आता बॅटरी. एलएफपीचे (लिथियम आयर्न फॉस्फेट) १०५ अँपिअर-अवरचे ४८ सेल, दोन-दोन समांतर आणि अशा २४ जोड्या ओळीत. एका सेलचे ३.२ व्होल्ट, म्हणजे २४ चे ७६.८, साठा १६ किलोवॅट-अवर. एक सेल दोन किलोच्या आसपास, सगळे मिळून शंभर किलोच्या आत. हाच साठा लेड अॅसिडमध्ये घेतला असता तर साडेचारशे किलो झालं असतं, मारुतीचं स्वतःचं वजन साडेसहाशे, म्हणजे विषयच संपला. दुसऱ्या जातीची लिथियम बॅटरी थोडी हलकी पडते पण एलएफपी तापलं तरी लवकर पेटत नाही आणि घरच्यांना बसवायचं असेल तर मला दुसरं काही नको होतं. एक हिशोब मी सारखा लोकांना सांगतो. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ किलोवॅट-अवर ऊर्जा असते, म्हणजे माझी अख्खी बॅटरी दोन लिटर पेट्रोलच्याही आत आहे. त्या दोन लिटरवर इंजिन तीस-पस्तीस किलोमीटर गेलं असतं, बाकीची सगळी उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरमधनं बाहेर. मोटर सपाटीला किलोमीटरला शंभर वॉट-अवर घेते, म्हणजे हिशोबानं तेवढ्याच साठ्यात दीडशे किलोमीटरच्या वर. १५ अँपिअरच्या साध्या प्लगवर रात्री लावायची, सकाळी फुल्ल.

वजन मात्र अंदाजानं धरू नका. ऊस नेतो त्याच काट्यावर सुट्टे भाग वेगळे तोलून घेतले. काढलेलं सामान सव्वाशे किलो, घातलेलं त्यापेक्षा चाळीस जास्त. निम्मे सेल पुढं, निम्मे मागच्या सीटच्या पाठीमागं, आणि एकही बॉक्स फ्लोअरच्या खाली नाही. पूर बघितलेला माणूस बॅटरी खाली घालणार नाही.

पहिल्यांदा वरच्या माळाचा चढ चढवला तेव्हा गाडीत आम्ही दोघं भाऊ आणि खताची दोन पोती होती. निम्म्यात गेलो आणि सगळं एकदम बंद. बीएमएसनं (प्रत्येक जोडीचे व्होल्ट बघून बॅटरी सांभाळणारं सर्किट) कट केलं होतं, सतरा नंबरची जोडी २.५ व्होल्टच्या खाली. थांबल्यावर बघतोय तर तीच जोडी ३.२ दाखवतेय, बाकीच्यांसारखीच. सेल खराब असेल म्हणून पोटात गोळा आला. मग भावानं बसबारवर (सेल जोडणाऱ्या पट्ट्या) हाताची मागची बाजू धरली (अंगठी, घड्याळ सगळं काढून) आणि झटक्यात मागं घेतला. सोळा आणि सतराच्या मधली तांब्याची पट्टी चटका बसेल इतकी गरम, नट पाव फेरा ढिला. चढाला दीडशे अँपिअर जात होते. ढिल्या जोडाचा रेझिस्टन्स एक मिलीओहम जरी झाला तरी दीडशे अँपिअरला साडेबावीस वॉट तिथंच तापतात, चार झाला तर नव्वद वॉट आणि ०.६ व्होल्ट गायब. तेवढे व्होल्ट कमी दिसले म्हणून बीएमएस कट झालं, सेल एकदम चांगला होता. सगळ्या पट्ट्या काढल्या, पॉलिश पेपर मारला, टॉर्क रेंचनं आवळल्या, प्रत्येक नटावर पेनाची रेघ ओढली. रेघ सरकली की नट सरकला. महिन्यातून एकदा झाकण काढून रेघा बघतो.

बाकी थोडक्यात. कंट्रोलरच्या आधी प्रीचार्ज रेझिस्टर (सुरुवातीला करंट हळू सोडणारा) लावा नाहीतर कॉन्टॅक्टरचे, म्हणजे बॅटरीच्या मोठ्या स्विचचे, पॉइंट चिकटतील. फ्यूज आणि स्विच डीसीचेच घ्या, घरातला एसीचा एमसीबी डीसीची ठिणगी तोडू शकत नाही. इंजिन गेलं की ब्रेक बूस्टरचं व्हॅक्यूमही जातं, त्याला वेगळा इलेक्ट्रिक पंप पाहिजे, यात काटकसर अजिबात नको.

आणि कायद्याचं. गाडी रस्त्यावर आणलेली नाही, आमच्या रानातच फिरते. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मंजुरीशिवाय असा बदल करता येत नाही, आणि इलेक्ट्रिक किटला एआयएस १२३ या मानकाप्रमाणे एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेची मंजुरी लागते. ती मंजुरी किट बनवणाऱ्याला मिळते, एकाच गाडीसाठी घरी काम करणाऱ्या माणसाला तो खर्च झेपणारा नाही. नियम पाहिजेच, मी ती गरम पट्टी बघितलीय, उगाच कुणीही वायरी जोडून रस्त्यावर येऊ नये. पण तपासून बघायची सोय तरी असावी. गाडी घेऊन जातो, उघडून दाखवतो, ब्रेक तपासा, इन्सुलेशन तपासा, प्लेटला डायल लावा. नापास झाली तर परत ट्रॉलीवर घालून आणीन. उद्यमनगरात असं काम करू शकणारे शेकड्यानं हात आहेत आणि जाम झालेल्या, पण बॉडी धड असलेल्या गाड्या गल्लोगल्ली पडून आहेत. हे माझ्या मनाला लागतं.

पप्पा रविवारी रानात येतात. पहिल्यांदा बसले तेव्हा सवयीनं डावा पाय क्लचवर गेला, मी म्हटलं पप्पा तो आता लागत नाही, दुसऱ्यातच ठेवा. विहिरीपर्यंत गेले, तिथनं वळवली, परत शेडपर्यंत आले, काच खाली केली आणि म्हणाले, "मागचं स्प्रिंग बसलंय, बघ." बघितलं, बसलंच होतं, मागं सेलचं वजन वाढलंय ना. येत्या शनिवारी मागच्या दोन्ही कॉइल स्प्रिंग काढायच्यात, जरा कडक बसवून घेऊ म्हणतोय.