आमची वाटचाल : तिथं ओळखीचं कोण?

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत आबांनी पासपोर्टचे अर्ज भरून द्यायला टाइपरायटर मांडला तेव्हा आखातात जाणारी पोरं बहुतेक दहावी नापास असायची. नुसता पासपोर्ट काढून त्यांचं भागत नसे. परदेशी नोकरीची सरकारी परवानगी लागायची आणि तिच्यासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईच्या खेपा.

२ ऑगस्ट १९९० ला इराकनं कुवेत घेतलं. दोन-चार दिवसांत गडहिंग्लज, कागलकडची माणसं आमच्या बाकड्यावर येऊन बसली. "आबा, पोराचा पासपोर्ट मालकाकडं हाय. नंबर तरी असंल न्हवं तुमच्याकडं?" नव्हता. पासपोर्ट टपालानं घरी गेला की आमचं काम संपलं, असं आम्ही धरून चाललो होतो. चूक आमचीच होती. आबांना त्या दिवसांत जेवण जाईना. मग त्यांनी घरोघरी ट्रंका उघडायला लावल्या, नोकरीच्या करारांच्या कार्बन कॉपी शोधल्या, त्यावरून नंबर उतरवून यादी टाइप केली आणि दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयाकडं पाठवली. एअर इंडियानं त्या वेळी १ लाख ७० हजारांवर माणसं परत आणली. आमची पोरं बगदाद, अम्मान करत आली. काहींच्या हातात पासपोर्टऐवजी दूतावासानं दिलेला एकच कागद होता.

त्यानंतर वही आली. पासपोर्टचा नंबर, तारखा, फोटो आणि शेवटी एक रकाना : "तिथं ओळखीचं कोण?" तो रिकामा असला तर आम्ही माणूस शोधतो. इचलकरंजीचा कुणी दुबईत, कुणाचा मेहुणा मस्कतला. त्याच्या नावानं चिठ्ठी देतो आणि निघायच्या आधी दोघांचं फोनवर बोलणं करून देतो. याचे पैसे आबांनी कधी घेतले नाहीत, मीही घेत नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनला डॉक्टरकी शिकणारी आमच्याकडची एक मुलगी पोलंडच्या हद्दीवर थंडीत अडकली. रकान्यात तिच्या कॉलेजच्या मैत्रिणींचीच नावं, त्याही तिच्यासोबत रांगेत. तेव्हा कोल्हापूरजवळचं वळिवडे गाव आठवलं. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या छावणीत पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहिले होते, आणि त्यांची मुलंनातवंडं अजून कोल्हापूरला येतात. त्यांच्या ओळखीतल्या एका गृहस्थांकडून नंबर मिळाला. पोलंड भारतीयांना व्हिसाशिवाय आत घेत होतं. ती पलीकडं पोचली तेव्हा ज्या बाई गाडी घेऊन उभ्या होत्या, त्यांची आजी वळिवड्यात वाढलेली. दोन दिवसांनी मुलगी सरकारनं पाठवलेल्या विमानानं निघाली. त्या बाईंचा नंबर आता वहीत आहे.

गेली दोन वर्षं रशियात 'हेल्पर'ची नोकरी आहे म्हणून पोरं येतात. अशाच नोकरीच्या नावाखाली नेलेली भारतीय मुलं थेट लढाईत उभी केली गेली, काही परत आली नाहीत. मी आधी एजंटचा नोंदणी क्रमांक विचारतो आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर पोरासमोरच तपासतो. क्रमांक नसेल तर अर्ज भरत नाही. मागच्या महिन्यात एका आईनं त्यावरून मला दुकानात उभं राहून शिव्या दिल्या. मी त्यांना चहा दिला आणि वहीतला तो रकाना दाखवला. पोराला त्यात लिहायला एकही नाव सुचलं नाही.