ओलं नाक आणि १०४ ताप

आमची कुत्री चिंगी तेव्हा जेमतेम तीन महिन्यांची होती. त्या दुपारी ती वाटीपाशी आली, हुंगलं न हुंगलंसं केलं आणि परत जाऊन झोपली. पिल्लं झोपाळूच असतात, म्हणून मी मनावर घेतलं नाही. संध्याकाळी मात्र माझी चप्पल अगदी तोंडापुढे असूनही तिने दात लावला नाही, तेव्हा काहीतरी चुकतंय असं वाटलं. "नाक बघ," आई म्हणाली. नाक गार आणि ओलं. म्हणजे ठणठणीत! आम्ही दोघी निर्धास्त झोपलो. त्या नाकापायी आमची अख्खी रात्र वाया गेली.

सकाळी ती कुडकुडत होती. कुत्र्याचा ताप गुदद्वारात मोजतात हे ऐकून माहीत होतं, पण हात धजत नव्हता. आईने तिला छातीशी धरलं, मी डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावलं, शेपूट उचललं आणि जेमतेम सेंटिमीटरभर आत सरकवला. बीप वाजेपर्यंतचं अर्धं मिनिट संपता संपेना. १०४.१ फॅरनहाइट.

आपल्याला १०२ म्हणजे अंथरूण धरायचा ताप. कुत्र्याचं मात्र १०१ ते १०२.५ हेच रोजचं तापमान असतं. कान गरम लागले, पोट गरम लागलं यावरून म्हणूनच काही ठरत नाही. आपल्या हाताला कुत्रं नेहमीच कोमट लागतं. पण १०३ च्या वर गेलं की तो ताप. आणि नाक? ते झोपेतून उठल्यावर कोरडं असतं, पाणी प्यायल्यावर ओलं. तापाशी त्याचा फारसा संबंध नाही.

डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी तापाआधी भलतंच विचारलं. "हिरड्या कशा आहेत? ओठ वर करून बघा." एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या पांढुरक्या दिसत होत्या. "बोटाने दाबून सोडा. दोन सेकंदांच्या आत रंग परत आला पाहिजे." आला, पण रेंगाळत. "लघवी?" आदल्या दिवशी फरशीवर कोऱ्या चहासारखा डाग पुसला होता, तो आत्ता आठवला.

"घरात पॅरासिटामॉल आहे, थोडंसं देऊ का?"

"अजिबात नको. त्याने यकृत आणि लाल रक्तपेशी, दोन्हींना धोका आहे. तिला लगेच घेऊन या."

लसीचे डोस पूर्ण झाले नव्हते, म्हणून आधी पार्व्होसाठी, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या विषाणूजन्य जुलाब-उलट्यांच्या आजारासाठी, विष्ठेची तपासणी केली. ती निगेटिव्ह आली. मग डॉक्टरांनी कानाच्या घड्या चाचपल्या, पायाची बोटं फाकवली. मागच्या पायाच्या दोन बोटांमध्ये राखाडी, टच्च फुगलेला गोचीड! तो मी आठवडाभर चामखीळ समजत होते. त्यांनी चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढून काढला. कानाच्या टोकाचं थेंबभर रक्त काचपट्टीवर घेतलं. लाल पेशींच्या आत बबेसिया नावाचे, गोचिडाच्या चाव्यातून रक्तात शिरणारे परजीवी दिसले. त्या पेशी फुटत होत्या, म्हणून हिरड्या पांढऱ्या आणि लघवी तशी.

इंजेक्शन, सलाईन, पुन्हा रक्ततपासणी. तिसऱ्या दिवशी ताप १०२ वर आला. हिरड्यांना रंग चढायला बराच वेळ लागला. मी दिवसातून दहादा ओठ वर करून बघायचे, शेवटी तीच वैतागून हात चाटायला लागली.

आता ती बरी असतानाचे आकडे वहीत लिहून ठेवते. शांत झोपेत तापमान १०१.४, श्वास मिनिटाला २४. खेळून आल्यावर मोजत नाही, तेव्हा आकडा आपोआप चढलेला असतो. फिरून आलं की कान आणि पायाची बोटं चाचपायची. थर्मामीटर तिचा वेगळा केलाय. त्यावर आईने काळ्या मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'चिंगी', आणि खाली, 'तोंडात घालू नये'.